थंडीत चेंडू पंधरा-वीस यार्ड कमी का पडतो? सकाळच्या राउंडची दुरुस्ती

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की नवी मुंबईतल्या खारघरच्या गोल्फ कोर्सवर पहिल्या टीवर, म्हणजे पहिल्या होलचा पहिला फटका मारायच्या जागी, एकच रडगाणं सुरू होतं. "मे महिन्यात माझा सात नंबरचा आयर्न आरामात १४० यार्ड जायचा, आता १२५ वर बसतोय. बॉल बदलू का?" (आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याची काठी, तिलाच क्लब म्हणतात.) दुसरा म्हणतो शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, बदल, तिसरा म्हणतो वय झालं. फेब्रुवारी सरता सरता तक्रार आपोआप मिटते, नवीन बॉलची पेटी घेतलेल्याला वाटतं की पेटीनेच काम केलं, आणि पुढच्या डिसेंबरात तोच माणूस तीच तक्रार घेऊन हजर असतो.

आधीच सांगून टाकतो: आपल्याकडच्या थंडीत निव्वळ थंड हवेमुळे चेंडू फार तर तीन ते पाच यार्ड कमी जातो. उरलेले दहा-पंधरा यार्ड हवेने नाही, दवाने, आखडलेल्या अंगाने आणि टी-टाइमने, म्हणजे राउंड सुरू करायच्या वेळेने, खाल्लेले असतात. त्यामुळे बॉल आणि शाफ्ट बदलणं म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. तेव्हा खर्च करायच्या आधी नेमकं कुठे गळतंय ते शोधू.

आधी हे बघा: चेंडू पडतो कुठे आणि थांबतो कुठे

"कमी जातो" म्हणजे काय, हे बहुतेकांनी पाहिलेलंच नसतं. टीवरून मारला, पुढे गेलो, चेंडू सापडला, मागे वळून अंतर बघितलं, इतकंच. पण त्या अंतरात दोन गोष्टी असतात. चेंडू हवेत जेवढा गेला ती कॅरी आणि जमिनीवर पडून पुढे घरंगळला तो रोल. थंडीत दोन्ही कमी होतात, पण कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

सकाळी हे ओळखणं फार सोपं, कारण दवाने पांढरट झालेल्या गवतावर चेंडू पडल्याची खूण स्वच्छ दिसते. खूण आणि चेंडू यांच्यात दोन-चार पावलांचंच अंतर असेल, तर तुमची कॅरी ठीक आहे, रोल गेलाय. मे महिन्यात कडक फेअरवेवर, म्हणजे टी आणि भोक यांच्यामधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर, ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा) चेंडू पडल्यावर पंधरा-वीस यार्ड सहज धावतो. ओल्या गवतात तो दोन टप्पे घेऊन बसतो. म्हणजे तक्रारीतले पंधरा यार्ड इथेच सापडले, आणि तुमच्या स्विंगमध्ये, म्हणजे क्लब फिरवण्यात, काहीही बिघडलेलं नाही.

खूणच नेहमीच्या जागेपेक्षा बरीच अलीकडे असेल, तर मग कॅरी घटलीय. तेव्हा आणखी एक गोष्ट बघा. पहिल्या तीन होल्सवरचा सात नंबर आणि राउंडच्या शेवटच्या तीन होल्सवरचा सात नंबर यांत फरक आहे का? शेवटी शेवटी चेंडू पुन्हा नेहमीसारखा जायला लागत असेल, तर दुखणं अंगात आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच कमी जात असेल, तर थंडीचा त्याच्याशी संबंध नाही. त्याबद्दल अगदी शेवटी.

हवेचा हिशेब, एकदाच

थंड हवा दाट असते, हे खरं. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेचं वजन साधारण १.२२५ किलो भरतं, ३० अंशाला साधारण १.१६५ किलो. फरक पाच टक्क्यांचा. आपल्याकडे जानेवारीतल्या पहाटेचा पारा पंधरा-सोळाच्या आसपास आणि त्याच दिवशी दुपारी तीस-एकतीस, म्हणजे हा पाच टक्क्यांचा फरक एकाच दिवसात घडतो. पण हवा पाच टक्के दाट झाली म्हणून चेंडू पाच टक्के कमी जात नाही. दाट हवा चेंडूला अडवते तशी फिरकीच्या जोरावर वर उचलूनही धरते, त्यामुळे काही नुकसान भरून निघतं. दोनशे यार्ड ड्रायव्हर मारणाऱ्याला हा फटका तीन-चार यार्डांचा. सात नंबरला त्याहून कमी.

आणि तो दमट हवेचा गैरसमजही इथेच काढून टाकू. "पावसाळ्यात हवा जड असते, बॉल जात नाही" असं क्लबहाउसात बसून ठासून सांगणारे पुष्कळ. प्रत्यक्षात पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, त्यामुळे तापमान तेवढंच असेल तर दमट हवा किंचित विरळच असते. डिसेंबरातली कोरडी, थंड हवाच थोडी जास्त दाट. पावसाळ्यात चेंडू जात नाही तो ओल्या जमिनीमुळे, आणि थंडीतही मुख्य गुन्हेगार तोच आहे.

घड्याळ तेच, सूर्य उशिरा

ही गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही, आणि माझ्या मते निम्मं उत्तर इथेच आहे. आपली चौकडी बाराही महिने ठरलेल्या वेळेला खेळते. समजा सकाळी सात. जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे सातला तुम्ही टीवर उभे राहता तेव्हा तासभर ऊन पडलेलं असतं. जानेवारीच्या मध्याला सूर्योदय साधारण सव्वासातला. म्हणजे त्याच सात वाजता तुम्ही सूर्य उगवायच्याही आधी, रात्रीची सगळ्यात थंड वेळ असते तेव्हा, सगळ्यात जास्त दवात पहिला चेंडू मारता. घड्याळाने वेळ तीच, पण कोर्सच्या दृष्टीने तुम्ही सव्वा तास लवकर आलात.

त्यात सिडकोचा हा कोर्स डोंगरांच्या पायथ्याशी, पांडवकड्याच्या धबधब्याच्या बाजूला. रात्री थंड झालेली हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि सखल भागात साचते. ती साचलेली हवा हलायला ऊन लागतं. त्यामुळे वाशी-नेरुळच्या इमारतींमधून निघताना "छे, काही थंडी नाही" म्हणून अर्ध्या बाहीच्या टी-शर्टवर निघालेला माणूस खारघरला गाडीचं दार उघडल्यावर काखेत हात घालून उभा राहतो. याच साचलेल्या हवेत धूळ आणि धुरकंही अडकून राहतं. दमा असलेल्यांनी तर त्या वेळी अठरा होल्स चालायचा हट्ट करू नयेच.

उपाय फुकटचा आहे. डिसेंबर आणि जानेवारी, हे दोन महिने टी-टाइम तास-दीड तास पुढे ढकला. साडेआठला सुरू करणाऱ्याला अर्धं दव ओसरलेलं मिळतं, अंग मोकळं असतं आणि दुपारी उकडायच्या आत राउंडही संपतो. मे महिन्यात सातची वेळ उन्हामुळे ठरलेली असते. जानेवारीत ते ऊनच हवं असतं. पण चौकडीतला एक तरी म्हणतो, "अकराला घरी पोचायलाच हवं, बायकोला शब्द दिलाय." अशा मंडळींसाठी पुढचं सगळं.

दव: चेंडूच्या खाली, क्लबच्या तोंडावर, ग्रीनवर

फेअरवेवरचा रोल गेला तर तो परत आणता येत नाही. पण त्याचा हिशेब धरता येतो. सकाळच्या पहिल्या सहा-सात होल्सवर "माझा सात नंबर १४०" हा आकडा विसरा, फक्त कॅरीवर विचार करा. ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, पुढच्या काठापर्यंत १३०, झेंडा १४० ला असेल आणि तुमच्या १४० पैकी आठ-दहा यार्ड रोलचे असतील, तर जास्त लांब जाणारा सहा नंबर काढा. कॅडी, म्हणजे आपली बॅग उचलणारा मदतनीस, हे आधीच ओळखून असतो. तो बॅगेतून एक क्लब जास्तीचा, म्हणजे एका नंबरने लांब जाणारा, पुढे करतो आणि आपण तो परत करतो, "नाही रे दादा, आठ नंबर दे." मग चेंडू समोरच्या बंकरात, वाळूच्या खड्ड्यात. थंडीतल्या सकाळी कॅडीने काढून दिलेला क्लब मुकाट्याने घ्यावा, या मताचा मी आहे. तो त्या गवतावर रोज चालतो.

क्लबच्या तोंडावरचं, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट भागावरचं, पाणी ही वेगळी भानगड. चेंडू आणि क्लबच्या मध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा आला की घर्षण कमी होतं, चेंडू तोंडावरून वर सरकतो, उंच उडतो आणि फिरकी मार खाते. वेजमध्ये, म्हणजे जवळून उंच मारायच्या क्लबमध्ये, हे सगळ्यात जास्त जाणवतं. कोरड्या तोंडाने जेवढी फिरकी मिळते ती ओल्या तोंडाने निम्म्यानेही घटू शकते. परिणाम असा की पन्नास-साठ यार्डांचा वेजचा फटका उंच, मऊ, पोकळ जातो आणि अलीकडेच टपकतो. उलट पाच-सहा नंबरला फिरकी घटल्याने कधी कधी चेंडू अपेक्षेपेक्षा लांब सुसाटतो आणि ग्रीनवर थांबत नाही. एकाच राउंडमध्ये एक चेंडू पंधरा यार्ड अलीकडे आणि एक दहा यार्ड पलीकडे, आणि माणूस म्हणतो, "आज स्विंगच नाही." स्विंग आहे. तोंड ओलं आहे.

म्हणून टॉवेल दोन ठेवा. एक ओला होणारच, तो चेंडू आणि पाय पुसायला. दुसरा बॅगेच्या आतल्या कप्प्यात, फक्त क्लबचं तोंड आणि ग्रिप (हाताने धरायचा रबरी भाग) पुसायला. क्लब जमिनीवर टेकवण्याच्या अगदी आधी पुसा, आणि फेअरवेवर सरावाचा स्विंग गवताला न लावता वरून करा, नाहीतर पुसलेलं तोंड सरावातच पुन्हा भिजतं. तोंडावरच्या खाचांमध्ये माती सुकलेली असेल तर पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. टी-पेगच्या, म्हणजे चेंडू ठेवायच्या खुंटीच्या, टोकाने खाचा साफ करा. वेजच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर मात्र पुसून फारसा फायदा नाही, आणि या एका बाबतीत पैसे खर्च करणं मला पटतं.

टीवर चेंडू कोरडा असतो, गवतापासून वर असतो, त्यामुळे ड्रायव्हरला हा त्रास कमी. फक्त टीवर ठेवण्याआधी चेंडू पुसा.

ग्लोव्हचंही तसंच. पातळ चामड्याचा ग्लोव्ह ओला झाला की बुळबुळीत होतो, मग आपण नकळत मूठ आवळतो, मूठ आवळली की मनगट अडतं. दोन ग्लोव्ह आलटून पालटून वापरा, एक हातात असताना दुसरा बॅगेला बाहेर लटकवा. पावसाळ्यासाठी घेतलेले रेन ग्लोव्हज कपाटात पडून असतील तर तेच काढा, ओलं झाल्यावर ते चांगली पकड देतात. ग्रिप तीन-चार वर्षांच्या जुन्या असतील तर घामाने आणि उन्हाने त्या चकचकीत झालेल्या असतात. थंडीत रबर आणखी टणक लागतं आणि पकड सुटल्यासारखी वाटते. कोमट पाणी, थोडा भांडी घासायचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन ग्रिप धुवा, रात्रभर सुकू द्या. नव्या ग्रिपचा खर्च बहुतेक वेळा तिथेच टळतो.

आता ग्रीन. इथे लोक दुहेरी फसतात. सुरुवातीला ग्रीन ओलं, म्हणून मंद. चेंडू पाणी उडवत जातो, पट, म्हणजे ग्रीनवर भोकाकडे ढकललेला चेंडू, भोकाच्या दोन फूट अलीकडे थांबतो, उतारावर वळतही कमी. चार होल्स असं झालं की माणूस जोर वाढवतो आणि हाताला त्या जोराची सवय लागते. तेवढ्यात नऊ वाजतात, ऊन चढतं, दव उडतं, आणि तोच जोर चेंडूला भोकाच्या पाच फूट पलीकडे नेतो. शेवटच्या नऊ होल्सवर एकेका ग्रीनवर तीन-तीन पट मारावे लागतात ते याच्यामुळे. खरी मेख अशी की ग्रीन बदलतं ते अचानक नाही. उन्हातलं ग्रीन कोरडं झालेलं असतं आणि झाडांच्या सावलीतलं अजून ओलं असतं, त्यामुळे एका होलचा अंदाज पुढच्या होलला लागू पडत नाही.

यावर माझ्याकडे एकच विश्वासाचा उपाय आहे. प्रत्येक ग्रीनवर पाय ठेवताना बुटाचं टोक बघा. ओलं होतंय का? मागे पावलांचे ठसे उमटतायत का? ठसे दिसले तर जोर जास्त आणि वळण कमी धरा. नाही दिसले तर नेहमीसारखं. दव असताना एक फायदाही असतो, तो घ्या: पुढच्या चौकडीचे चेंडू ज्या वाटेने गेले त्या रेघा गवतावर उमटलेल्या असतात. वळण किती आहे ते त्या रेघा उघड उघड सांगतात. ग्राउंड स्टाफने ग्रीन सकाळी कापून झालं असेल, तर कापण्यातच बरंचसं दव झडलेलं असतं. आधी कापलेली आणि न कापलेली ग्रीन्स एकाच राउंडमध्ये येऊ शकतात, तेही बघून ठेवा.

आणि आता नियमाची गोष्ट, कारण दर थंडीत यावरून वाद होतोच. कुणीतरी पटच्या वाटेवरचं दव टॉवेलने किंवा पटरने झाडतो. बऱ्याचदा कॅडीच, बिचारा मदत म्हणून. हे चालत नाही. नियम ८.१ नुसार फटक्याची परिस्थिती सुधारण्यासाठी दव, गोठलेलं दव किंवा पाणी काढणं मना आहे. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये (होलागणिक हार-जीत मोजायच्या खेळात) ते होलच हरलात. कॅडीने केलं तरी दंड खेळाडूलाच. अपवाद टीचा: टीइंग एरियातलं दव काढायला परवानगी आहे, तिथे खुशाल पाय घासून जागा कोरडी करा. शिवाय दव म्हणजे सुटी पडलेली वस्तू नाही आणि साचलेलं तात्पुरतं पाणीही नाही, त्यामुळे "दवात आहे, मी ड्रॉप घेतो" म्हणून चेंडू दुसरीकडे टाकणं हेही चालत नाही. ग्रीनवरची वाळू, सुटी माती, पानं काढता येतात. दव नाही. कॅडीला पहिल्या टीवरच हे सांगून ठेवा, ग्रीनवर सांगेपर्यंत त्याने टॉवेल फिरवलेला असतो.

बंकरात वरचा वाळूचा थर दवाने थोडा घट्ट होतो आणि क्लब उसळतो. स्विंग थोडा छोटा आणि क्लबचं तोंड नेहमीपेक्षा कमी उघडं ठेवा, एवढंच.

गाडीतून थेट टीवर

आता अंगाकडे वळू. घोडबंदर रोडवरून निघालेला माणूस ऐरोलीमार्गे ठाणे-बेलापूर रस्त्याने खारघरला येतो. पाठ, कंबर, मांड्या सगळं एकाच कोनात घट्ट बसलेलं. उशीर झालेला असतो, बूट चढवतो, दोन हवेतले स्विंग मारतो आणि ड्रायव्हर उपसतो. मे महिन्यात हे कसंबसं खपतं. सोळा अंशाला खपत नाही. कंबर वळत नाही, मग खांदे आणि हातच सगळं काम करतात. क्लबहेडचा, म्हणजे क्लबच्या डोक्याचा, वेग ताशी एक मैल घटला की ड्रायव्हरची कॅरी ढोबळमानाने अडीच यार्डांनी घटते. आखडलेल्या अंगाने तीन-चार मैल सहज जातात. म्हणजे आठ-दहा यार्ड. हवेने नेलेल्या यार्डांच्या दुप्पट. आणि कंबर थांबली की क्लबचा सगळ्यात खालचा बिंदू मागे सरकतो, क्लब आधी जमिनीत घुसतो, मग चेंडूला लागतो. तुमचे "फॅट" फटके थंडीतच का वाढतात याचं कारण हेच. त्यात थंडीत गवताची वाढ मंदावते, चेंडूच्या खाली गादी पातळ असते, त्यामुळे थोडीही चूक माफ होत नाही.

उपाय दहा मिनिटांचा आहे, पण दहा मिनिटं खरंच द्यायला हवीत. पार्किंगपासून क्लबहाउसपर्यंत आणि परत, भरभर चाला, अंग तापेपर्यंत. मग क्लब खांद्यावर आडवा धरून कंबरेपासून हळूहळू दोन्हीकडे वळा. झाडाला किंवा बॅगेला धरून पाय पुढे-मागे झुलवा. बसून उठणं दहा-बारा वेळा. शेवटी दोन आयर्न एकत्र धरून सावकाश स्विंग, आधी अर्धे, मग पूर्ण. जागेवर उभं राहून ताणून धरायचे व्यायाम राउंडच्या आधी नकोत, ते राउंड झाल्यावर. आणि पहिल्या दोन होल्सवर ड्रायव्हरला पूर्ण जोर लावू नका. एक क्लब जास्त आणि जोर तीन-चतुर्थांश, हा थंडीतला सगळ्यात स्वस्त सौदा आहे.

बीपीची किंवा हृदयाची औषधं चालू असलेल्यांनी रिकाम्या पोटी, गारठ्यात, एकदम जोर लावून सुरुवात करू नये. डॉक्टरांनी सांगितलेली सकाळची गोळी आणि थोडं काही खाऊन मगच बॅग उचलावी.

कपड्यांच्या बाबतीत आपली अडचण दिल्लीकरांहून वेगळी. त्यांना दिवसभर थंडी असते. आपल्याला सातला कुडकुडायला होतं आणि दहाला घाम फुटतो. म्हणून जाड स्वेटर कामाचा नाही. एक तर त्यात खांदे वळत नाहीत, आणि तिसऱ्या होलला तो काढून बॅगेत कोंबावा लागतो. आत पातळ पूर्ण बाहीचा टी-शर्ट, वर बिनबाहीचं जॅकेट, चेन असलेलं, म्हणजे काढणं-घालणं सोपं. डोक्याला कानटोपी घातलीत तर मंडळी हसतील, हसू द्या. पण ती कानावरून मानेपर्यंत घट्ट नको, मान वळायला हवी. पायात जलरोधक बूट किंवा निदान मोज्यांचा एक जादा जोड बॅगेत. भिजलेल्या मोज्यांनी नऊ होल्स चालणं म्हणजे पायाला फोड ठरलेला.

हाताला झिणझिण्या येतात ती तक्रार वेगळी नाही. चेंडू क्लबच्या मध्यावर न लागता खालच्या कडेला लागला की कंपन हातात येतं, आणि गार बोटांना ते जास्त टोचतं. स्टीलच्या शाफ्टला जास्त, ग्रॅफाइटला कमी. पण अंग तापलं, मूठ सैल झाली आणि चेंडू मध्यावर लागायला लागला की झिणझिण्या जातात. दोन फटक्यांच्या मध्ये हात खिशात ठेवा. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत असेल आणि ते राउंडनंतर दोन-तीन दिवस राहत असेल तर मात्र थंडीला दोष देऊ नका, फिजिओथेरपिस्टला दाखवा.

चेंडू गरम ठेवण्याचा खटाटोप

चेंडूचा गाभा रबराचा असतो आणि रबर गार झालं की उसळी कमी होते. हे खरं आहे. कडाक्याच्या थंडीच्या देशांतून आलेल्या सल्ल्यांमध्ये म्हणूनच चेंडू उबदार ठेवण्यावर एवढा भर असतो. पण आपल्या पंधरा-सोळा अंशांत त्यातून यार्ड-दोन यार्ड मिळाले तर मिळाले. बॅग रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवू नका, घरात ठेवा. यापलीकडे काही करायची गरज नाही.

उलट एक धोका आहे. हात गरम ठेवण्यासाठी मिळणाऱ्या छोट्या पुड्या बाहेरगावहून कुणीतरी आणतो आणि त्याच खिशात चेंडू ठेवतो. हातासाठी पुडी वापरायला हरकत नाही. पण चेंडू मुद्दाम गरम करून खेळणं नियम ४.२ मध्ये बसत नाही, आणि त्याची शिक्षा दोन फटके नाही, स्पर्धेतून थेट बाद. पुडी एका खिशात, चेंडू दुसऱ्या खिशात.

कमी कॉम्प्रेशनचा मऊ बॉल घेऊ का, असं विचारतात. तुमचा स्विंग सावकाश असेल आणि मऊ बॉल हाताला बरा वाटत असेल तर खुशाल घ्या, पण तो पंधरा यार्ड परत आणील या आशेने नको.

बाहेरगावी गेलात तर

जानेवारीत पुण्याला, येरवड्याच्या कोर्सवर खेळायला जाणारे म्हणतात, तिथे थंडी जास्त म्हणून चेंडू आणखी कमी जाईल. हिशेब उलटा आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथे हवेचा दाब आपल्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनी कमी. पुण्यातल्या १० अंशांच्या सकाळची हवा आपल्या १६ अंशांच्या सकाळच्या हवेपेक्षाही तीन-चार टक्के विरळच भरते. तिथे चेंडू कमी गेला तर तो बोटं गारठल्यामुळे, हवेमुळे नाही. उटीला २२०० मीटरवर तर थंडी असूनही चेंडू घरच्यापेक्षा लांबच जातो, तिथे एक क्लब कमी घ्या. दिल्लीचं मात्र उलट. उंची जेमतेम दोनशे-सव्वादोनशे मीटर आणि पहाटे पाच-सात अंश, त्यामुळे हवा आपल्यापेक्षा किंचित दाटच, शिवाय अंग आणि चेंडू दोन्ही गारठलेले. तिथे एक क्लब जास्त घ्यायलाच हवा. उत्तरेत गवतावर दव गोठलेलं असेल तर तिथले क्लबवाले खेळच उशिरा सुरू करतात, कारण गोठलेल्या पात्यांवर पाय पडला की पाती मोडून काळी पडतात. त्यावरून हुज्जत घालू नका.

आणि हँडिकॅपची, म्हणजे स्कोअरवरून ठरणाऱ्या आपल्या खेळाच्या पातळीच्या आकड्याची, काळजी करणाऱ्यांसाठी: वर्ल्ड हँडिकॅप सिस्टीममध्ये त्या दिवशीच्या सगळ्यांच्या स्कोअरवरून परिस्थितीचा फरक काढला जातो, उणे १ पासून अधिक ३ पर्यंत. त्यासाठी त्या दिवशी त्या कोर्सवर निदान आठ ग्राह्य स्कोअर नोंदवलेले असावे लागतात. म्हणून थंडीतला वाईट स्कोअर लपवून ठेवू नका, नोंदवा. सगळ्यांचाच वाईट असेल तर त्याचा विचार होतो.

एवढं सगळं करून, म्हणजे टी-टाइम पुढे ढकलून, तोंड कोरडं ठेवून, अंग तापवूनही दहाच्या उन्हात कोरड्या फेअरवेवर सात नंबर १२५ वरच थांबत असेल, तर मार्चपर्यंत वाट बघू नका. प्रोकडून, म्हणजे क्लबच्या प्रशिक्षकाकडून, आयर्नचे लॉफ्ट (तोंडाचे कोन) तपासून घ्या, वापराने आणि आपटण्याने ते बदलतात. लॉफ्ट बरोबर निघाले तर त्यालाच चेंडूच्या पुढून आणि बाजूने तुमच्या स्विंगचे दोन व्हिडिओ काढायला सांगा.